हणमाची ऐकण्यासारखी गोष्ट

एका गावात एक भोळा गडी होता. भोळा हे आपण तोंडावर म्हणतो. पाठीमागे लोक काय म्हणत ते मी लिहीत नाही. नाव हणमा.

एकदा हणमाचे सासू-सासरे घरी आले. बायको कौसा चुलीपाशी होती. ती म्हणाली, "अहो, आईआबांना पाणी विचारा."

हणमाने विचारलं, "पाणी पाहिजे का?"

सासरा म्हणाला, "हो, द्या की."

हणमा बसून राहिला. विचारायचं होतं, विचारलं.

सासऱ्याचा घसा कोरडा पडला, तसं डोकं तापलं. तो लेकीला घेऊन निघाला. जाताना म्हणाला, "चार माणसांत शहाण्यासारखं वागायला शिका जावईबापू, मग बायको न्यायला या."

हणमा रडत शेवंता आत्याकडे गेला. ही आत्या रेडिओची वेडी. हल्ली रेडिओचे कार्यक्रम मोबाइलवर साठवलेले असतात, पाहिजे तेव्हा लावा. पॉडकास्ट म्हणतात त्याला. आत्या भांडी घासताना तेच ऐके.

आत्या म्हणाली, "तुला बोलता येत नाही ना? मग बोलू नको. भेटेल त्याला ऐकण्यासारखं काहीतरी सुचव. माणसाला वाटतं, हा शहाणा आहे."

"काय सुचवू?"

"'डोळा लागला' सुचव. त्यातली बाई इतकं गोड बोलते, की माणसाचा सगळा शीण जातो."

हणमा मोबाइल घेऊन सासरवाडीला निघाला. वाटेत टोमॅटोचा टेम्पो मिळाला. ड्रायव्हर दमलेला. हणमा म्हणाला, "दादा, हे ऐका. ऐकण्यासारखं आहे."

बाई म्हणाली, खांदे सैल सोडा. ड्रायव्हरने सोडले. बाई म्हणाली, आता डोळे मिटा.

टेम्पो रस्त्याकडेच्या चारीत गेला. कुणाला लागलं नाही. टोमॅटोही वाया गेले नाहीत. ड्रायव्हरने ते एकेक करून हणमावर संपवले.

हणमा लाल होऊन परत आला.

"मुडद्या," आत्या म्हणाली, "माणसं पेंगायला लागली की हसवणारं लावावं. 'फजितीची चावडी' लाव. मोठ्याने लाव."

"बरं."

दुसऱ्या दिवशी हणमा पुन्हा निघाला. वाटेत एका घरापुढे माणसं माना खाली घालून बसली होती. मधे एक म्हातारा पांढरं पांघरून आडवा. हणमा मनात म्हणाला, ही तर पेंगतायत, आणि हा बाबा पार गाढ झोपलाय.

त्याने 'फजितीची चावडी' मोठ्याने लावली. त्यातला माणूस ओरडला, "उठा की काका, किती लोळताय. जेवायचं नाही का?"

माणसं जागी झाली. चांगलीच जागी झाली. तिरडी बांधून एक बांबू उरला होता, तो म्हाताऱ्याच्या थोरल्या लेकाने उचलला. मारणाऱ्याची चूक होती असं मी म्हणणार नाही.

हणमा लंगडत परत आला.

"तुझ्या डोक्यात काय भुसा आहे का रे? तिथं बायका डोळ्याला पदर लावून रडत नव्हत्या?"

"होत्या."

"मग तिथं 'गेलेल्यांची आठवण' लावायचं. मान खाली घालून उभं राहायचं. लोकांना धीर येतो."

"बरं."

हणमा पुन्हा निघाला. वाटेत लग्नाचा मांडव होता. जेवणं उरकून नवरीची पाठवणी चालली होती. नवरीची आई, मावश्या, आत्या, सगळ्यांच्या डोळ्यांना पदर. हणमाने ओळखलं. मान खाली घातली आणि 'गेलेल्यांची आठवण' लावली.

"जे माणूस गेलं ते आता परत येणार नाही," मोबाइल म्हणाला. "घरच्यांनी आशा सोडावी. त्या माणसाचे कपडे गरजूंना वाटून टाकावेत."

नवरीच्या आईने असा हंबरडा फोडला, की वरमाय घाबरून मोटारीतून खाली उतरली. या वेळी हणमाला दोन्ही पक्षांनी मिळून मारलं. मानपानावरून सकाळपासून भांडत होते, त्या एका कामात मात्र त्यांचं जमलं.

हणमा परत आला तो डोक्याला फडकं बांधून. आत्याने मोबाइल हिसकावून घेतला.

"आता कुणाला काही ऐकवू नको. तूच ऐक. समोरचा बोलेल ते कान देऊन ऐक, मधे तोंड घालू नको."

"आणि लई चांगलं असलं तर?"

आत्या वैतागली होती. "चांगलं असलं तर चार जणांना सांगावं. एकट्याने ऐकून गप बसू नये. जा आता."

हणमा गेला. या वेळी थेट सासरी पोचला. सासरा गुडघ्याबद्दल बोलला, हणमाने ऐकलं. विहिरीबद्दल बोलला, ऐकलं. भावकीला शिव्या दिल्या, त्याही मान हलवत ऐकल्या. सासरा खूश झाला. "सुधारलात की जावईबापू. उद्या न्या कौसाला," म्हणाला आणि गोठ्यात गेला.

हणमा ओसरीवर एकटा बसला. आत कौसा आईजवळ रडत बोलत होती.

"जाते बाई मी यांच्याबरोबर. इथं वहिनी माझ्या भाकरी मोजते. दादाही तिच्याच तोंडाकडे बघतो. हे भोळे आहेत, पण कधी हात उगारला नाही माझ्यावर. स्वतःचं ताट स्वतः उचलतात."

हणमाचे डोळे भरून आले. इतकं चांगलं त्याने कुठंच ऐकलं नव्हतं. मग एकट्याने ऐकून गप कसा बसणार?

तो उठून पारावर गेला. "चला, ऐकण्यासारखं आहे. आमच्या मामांच्या स्वयंपाकघरात चालू आहे." पारावरचे उठले, गिरणीतले उठले. नळावर वहिनी कळशी भरत होती. तो म्हणाला, "वहिनी, तुम्ही तर याच. तुमचंही नाव आहे त्यात."

सगळी मंडळी खिडकीखाली येऊन बसली. वहिनी सगळ्यांत पुढे.

आतला आवाज थांबला. खिडकी उघडली. कौसाच्या हातात घडी केलेली साडी होती, उद्याच्या पिशवीत घालायला काढलेली. तिने सगळ्यांकडे बघितलं. वहिनीकडे बघितलं. साडी परत फळीवर ठेवली आणि खिडकी लावायला घेतली.

हणमाने फटीत हात घातला.

"कौसे, जरा पहिल्यापासून रड," तो म्हणाला. "ही मंडळी उशिरा आली."