टोपलीभर तांबडी माती

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि ते सगळं एका मातीच्या बांधावर जगत होतं. बांधाने ओढ्याचं पाणी अडे, म्हणून शेतं पिकत. नव्याने राहायला येणाऱ्याने आपल्या मुलखातली टोपलीभर माती या बांधावर घालायची, अशी तिथली रीत होती. माती पडली की माणूस गावचा झाला.

एके वर्षी दुष्काळाने पोळलेली एक कुंभारीण तिथे आली. तिची तांबडी माती बांधावर पडली आणि दुसऱ्याच दिवशी शेजाऱ्यांनी तिचं छप्पर शाकारून दिलं. "या लोकांचे उपकार कसे फेडू?" असं ती चाक फिरवताना रोज म्हणे.

पण सुखाला दृष्ट लागतेच. राजाचा कारभारी आला. माणूस एवढासा, पागोटं केवढं तरी. त्याने दवंडी पिटवली, "यंदा पाणी कमी आहे. मूळच्या लोकांची यादी द्या. बाकीच्यांनी आठ दिवसांत गाव सोडावं."

कुंभारणीने चाक थांबवलं. गाठोडं बांधून ती पाटलाच्या पाया पडायला गेली. कारभारी तिथेच बसला होता.

"पाटीलबाबा, दिलंत ते पुष्कळ दिलंत. येते मी."

"थांब पोरी," म्हातारा पाटील म्हणाला. "यादी तर होऊ दे."

तो दोघांना घेऊन बांधावर गेला. दुरुस्तीसाठी बांध एका बाजूने उभा कापला होता. आत थरावर थर दिसत होते. काळा, पांढरा, पिवळा आणि सगळ्यांत वर तांबडा.

"सरकार, आमची यादी ही अशी," पाटील म्हणाला. "पांढरी माती कोष्ट्यांची, पिवळी धनगरांची. तळातली काळी माझ्या पणज्याची. तीही घाटापलीकडची."

"मग इथला मूळचा कोण?"

"एकटा ओढा. तो तर इथे थांबतच नव्हता. त्याला थांबवलं ते या आलेल्या लोकांनी. बाहेरची माती काढायची म्हणाल, तर सगळा बांध उपसावा लागेल. मग पाणी कोणाला वाटाल?"

 यादीसाठी आणलेला कोरा कागद तसाच कमरेला खोचून कारभारी परत गेला.

कुंभारणीला रडू आवरेना. घरी येऊन तिने गाठोडं सोडलं. गावची काळी आणि आपली तांबडी माती एकत्र मळून तिने मोठा रांजण घडवला आणि बांधाजवळ ठेवला. पाणी पिऊन वाटसरू विचारत, "बाई, रांजण कोणाचा?"

ती सांगे, "आमच्या गावाचा."

तात्पर्य: ज्यांनी ज्यांनी मातीत भर घातली, मुलूख त्या सगळ्यांचा.