लाजाळूचा पाहुणचार

फेब्रुवारीची एकवीस तारीख. सकाळी धुकं, दुपारी कडक ऊन, वारा अजिबात नाही.

तालुक्याच्या एका गावात एक कलाशाळा होती आणि त्या कलाशाळेत पुंडलिक नावाचा एक भोळा विद्यार्थी होता. भोळा म्हणजे किती? तर सांगितलेलं तो कधीच विसरत नसे. बाकीचे लोक विसरतात, म्हणून त्यांचं निभतं. पुंडलिकचं निभत नसे.

शेवटच्या वर्षाला तिघांनी मिळून एक प्रकल्प करायचा असे. त्यात कला हवी, यंत्र हवं, आणि बघणाऱ्याने हात लावला की काहीतरी घडायला हवं. पुंडलिकच्या गटात वैजयंती आणि अल्ताफ होते. त्यांनी लाजाळूचं झाड केलं, माणसाहून उंच. हिरव्या कापडाची पानं वैजयंतीने शिवली आणि चिकटवली. आतल्या तारा आणि मोटार अल्ताफने बसवली. पुंडलिकने बांबू धरले. पानाला बोट लागलं की अख्खं झाड सळसळत मिटायचं. मग जरा वेळाने, 'गेला का तो?' असं बघत बघत एकेक पान उघडायचं.

गुण गटाला मिळायचे, तिघांना सारखेच. शंभरात चाळीसला पास. वैजयंतीच्या वडिलांचं कापडदुकान होतं. त्यांनी तिला स्वच्छ सांगितलं होतं, "पास झालीस तर पुढं शीक. नाही झालीस तर गल्ल्यावर बस. हिरवं कापड आपल्याकडं ताग्यांनी आहे."

तर एकवीस तारखेला पानांचा डिंक ओला होता. जेवायला जाताना वैजयंती म्हणाली, "पुंडलिक, कुणाला हात लावू देऊ नकोस हं."

"कुणालाच?"

"ब्रह्मदेव आला तरी नाही."

डिंक तासाभरात वाळला. पण वाळल्यावर काय करायचं ते कुणी सांगितलं नव्हतं. ब्रह्मदेव काही आला नाही. प्राचार्य खासनीस सर आले. त्यांनी बोट पुढे केलं. पुंडलिक दोन्ही हात पसरून आडवा झाला.

"हात लावायचा नाही."

"अरे, मी प्राचार्य आहे."

"ब्रह्मदेवाला पण नाही म्हटलंय, सर."

सर गेले. जेवून परतलेल्या वैजयंतीने ते ऐकून कपाळावर हात मारला. "अरे, हात लावण्यासाठीच तर केलंय ना ते! माणूस आला की म्हणायचं, या, लावा हात, लाजू नका!"

"असं होय," पुंडलिक म्हणाला. "आता चुकायचो नाही."

दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. शेजारच्या वर्गात शिल्पकलेच्या मुलांनी संस्थापक दादासाहेबांचा पुतळा केला होता. माती अजून ओली होती. मुलं चहाला निघाली. "पुंडलिक, जरा लक्ष ठेव रे."

पुंडलिक दारात उभा राहिला. तेवढ्यात प्राथमिक शाळेची एक रांग कलाशाळा बघायला आली.

"या, लावा हात, लाजू नका!"

मुलं लाजली नाहीत. शिल्पाची मंडळी चहा पिऊन परतली तेव्हा दादासाहेबांचं नाक कानाशेजारी होतं आणि मिशी कुणीतरी घरी नेली होती.

अल्ताफने पुंडलिकला मागच्या दाराने बाहेर काढलं, म्हणून तो वाचला. "यार, असं नसतं. मेहनतीची वस्तू दिसली की भोवती दोरी बांधायची. पाटी लावायची. नाव काय, कशाचं केलंय, कुणी केलंय. आणि लोकांना म्हणायचं, लांबूनच बघा."

"असं होय. आता चुकायचो नाही."

तेवीस तारखेला गार वारा सुटला होता. प्रदर्शनाचं उद्घाटन झालं, भाषणं लांबली. खासनीस सर पुंडलिकच्या कानात म्हणाले, "जा, खाण्याचं तेवढं बघ."

पुंडलिक बघायला गेला. कॅन्टीनच्या सरूमावशी पहाटेपासून वडे तळत होत्या. पदराने घाम पुसत होत्या. मेहनतीची वस्तू! पुंडलिकने टेबलाला चारी बाजूंनी दोरी बांधली. पाटी लावली: 'बटाटावडा. माध्यम: बटाटा, बेसन, मोहरी. कलाकार: सरूमावशी. लांबूनच बघावे.'

पाहुणे आले आणि दोरीपाशी थांबले. एक जण चष्मा काढून म्हणाले, "भूक आणि समाज. फार बोलकं आहे." दुसरे म्हणाले, "चटणी कुठंय?"

सरूमावशी झारा घेऊन धावल्या. "मुडद्या, गार झाले ना वडे! पाहुणा म्हणजे काय भिंतीवरचं चित्र आहे? हाताला धरून आणायचं, वाढायचं. नको म्हणाला तरी आग्रह करायचा. माणूस तोंडानं नको म्हणतो, पोटात हवंच असतं."

पुंडलिकने दोरी सोडली आणि असा आग्रह केला की पाहुणे खूश झाले. म्हणाले, "अरे, तूही घे की." त्याने घेतला. "अजून घे." अजून घेतला. पाहुणे थकले, पण पुंडलिक घेत होता. शेवटी परातीत नुसता चुरा उरला, आणि अध्यक्षांचं खाणं अजून व्हायचं होतं.

"अरे, कुणी देतंय म्हणून घेत सुटायचं नसतं!" वैजयंती म्हणाली. "ताटावर आडवा हात धरायचा. म्हणायचं, नको, नको, फार होतंय. फारच मागे लागले तर म्हणायचं, बरं, अर्धं द्या."

पुंडलिक विचारात पडला. "म्हणजे देणाऱ्याने आग्रह करायचा आणि घेणाऱ्याने नको म्हणायचं?"

"हो."

"मग खायचं कुणी?"

"तू खाऊ नकोस म्हणजे झालं!"

"असं होय. आता चुकायचो नाही."

चोवीस तारीख. स्वच्छ ऊन. परीक्षेचा दिवस.

सकाळीच झाडाचा एक बांबू तडकला. वैजयंतीने पडद्यामागे तो दोन्ही हातांनी धरून ठेवला. अल्ताफ तिथेच मोटारीपाशी बसला. बांबू पुंडलिकच्या हाती दिला असता, पण काय काय ओढायचं नाही ते सांगायला वेळ नव्हता. तेव्हा पुढे बोलायला पुंडलिकच उरला.

परीक्षक निरगुडकर सर बाहेरगावचे होते. बोलणं कमी, शब्दाला पक्के. विद्यार्थ्याने आपली किंमत आपण सांगावी, असं त्यांचं मत होतं. त्यांनी पानाला बोट लावलं. झाड मिटलं. त्यांनी मान हलवली आणि ते पुढच्या प्रकल्पाकडे वळले.

"असं कसं सर, अजून एक पान!"

"नको, बघितलं मी."

तोंडाने नको म्हणतात, पोटात हवंच असतं. पुंडलिकने त्यांना हाताला धरून आणलं. "हे वरचं घ्या. अगदी कोवळं आहे."

झाड मिटलं, उघडलं.

"पुरे रे."

"हे सरूमावशींच्या नावाचं. हे आमच्या अल्ताफसाठी. एवढं तरी!"

झाड मिटत होतं, उघडत होतं. पडद्यामागे मोटार तापली आणि अल्ताफ तिला वहीने वारा घालू लागला. निरगुडकर सर आधी वैतागले, मग हसले, मग टाचा उंच करून स्वतःच वरची पानं शोधू लागले. दमले तेव्हा त्यांनी कपाळ पुसलं आणि गुणांचा कागद काढला.

"इतक्या हौसेनं आपलं काम दाखवणारा गट मी पाहिला नाही. अठ्ठ्याहत्तर देतो."

पडद्यामागे बांबू थरथरला.

सरांनी आकडा लिहिला. पुंडलिकने पाहिलं, कुणीतरी देतंय. तो चटकन पुढे झाला आणि कागदावर आडवा हात धरला.

"नको, नको, सर. फार होतंय."

"अरे, हक्काचे आहेत तुमच्या."

"नको सर, खरंच. आताच झालंय."

"घे, पुंड्या, घे!" पडद्यामागून वैजयंती किंचाळली. "अरे, घे रे मेल्या!"

आता पडद्यामागूनही आग्रह होतोय, हे पाहून पुंडलिकला भरून आलं. पण तो कालच शिकला होता. त्याने हात हलवला नाही.

निरगुडकर सरांनी पेन पुन्हा कागदाशी आणलं. जास्त मागणारे त्यांना रोज भेटत. "मग तूच सांग, किती देऊ?"

"तुम्ही फारच मागे लागलात म्हणून हं, सर," पुंडलिक म्हणाला. "बरं, अर्धे द्या."

परीक्षकांनी अठ्ठ्याहत्तर खोडले, एकोणचाळीस लिहिले आणि खाली सही केली.