उतारावरचा दिवा

सायकलीचे सुटे भाग बोलत आणि माणसांना ते ऐकू येई, तेव्हाची ही गोष्ट. घाटमाथ्यावरच्या एका दुकानात फळीवर चाकाच्या मधोमध बसणारे दोन हब होते, एक लहान, एक मोठा. दोघांच्याही पोटात ब्रेक होता आणि चाक फिरेल तोवरच दिवा पेटवणारा डायनॅमो. लहान हब कधीपासून गिऱ्हाइकाची वाट पाहत होता.

एका संध्याकाळी दूधवाल्या सुगंधाने त्यालाच उचललं आणि ती दुकानदाराला म्हणाली, "हलका आहे की! उजेड दोघांचा सारखाच ना? मग हाच बसवा."

लहान हब हरखून गेला. पण दाराशी उभ्या सायकलीवर दुधाचे भरलेले कॅन दिसले आणि त्याला राहवेना.

"सुगंधाताई, तुम्ही एकट्या असता तर मी पुरलो असतो. एवढं ओझं घेऊन घाट उतरताना मी तापेन, मग माझा ब्रेक धरणार नाही. मोठ्याला न्या."

सुगंधाने मोठा हब बसवून घेतला आणि ती निघाली. फळीवरून लहान हब उतरणीवरचा तिचा दिवा पाहत राहिला. वळणावर तो एकदम विझला. लहान हब कानोसा घेऊ लागला.

तेवढ्यात खालून रस्ता ओलांडणाऱ्या शेरडांचा आवाज आला. आवाज लांब गेला, तसा दिवा पुन्हा लागला आणि सावकाश खाली निघाला.

"थांबता आलं तिला," लहान हब स्वतःशीच म्हणाला.