एकोणिसावा तंबू

उत्तर अमेरिकेतल्या बर्फाळ पर्वतांच्या पायथ्याशी, जिथे वारा वर्षातले फार थोडे दिवस थांबतो, तिथे एकदा एक वृद्ध कारागीर राहत होता. तो तिथल्या ब्लॅकफूट या आदिवासी जमातीचा. लाकडात कोरायचे आणि कोरलेले रंगवायचे, हेच त्याचे आयुष्य. त्याच्या लोकांच्या भूमीवरचे बायसन या रानबैलांचे कळप केव्हाच संपले होते. कातड्याचे उंच तंबू जाऊन फळ्यांची घरे आली होती. पण नदीकाठच्या मऊ लाकडाच्या फळीवर तो अजून जुनी छावणी उभी करत असे. वर्तुळात एकोणीस तंबू आणि पूर्वेला मोकळी वाट. प्रत्येक तंबूवर नखाएवढे चित्र, कुठे बायसन, कुठे गरुड. गेरू, पिवडी आणि कोळसा, एवढेच रंग. मात्र एकोणिसावा तंबू तो नेहमी कोराच ठेवी.

त्याच्याकडे चाळिशीची एक स्त्री शिकत होती. लहानपणी तिला सरकारी माणसांनी बळजबरीने दूरच्या वसतिशाळेत नेले होते. तिथून ती परतली तेव्हा तिची भाषा तुटकी झाली होती आणि घरात कोणी उरले नव्हते. तिला एवढेच ठाऊक होते की तो कोरा तंबू तिच्या आजोबांचा, आणि त्यांच्या खऱ्या तंबूवर पाणमांजराचे चित्र असे. ते चित्र पाहिलेला आता एकच माणूस जिवंत होता, तो म्हणजे हा वृद्ध. आणि त्याचा खोकला दर हिवाळ्यात वाढत होता.

तिने आधी सरळच विचारून पाहिले. "बाबा, माझ्या आजोबांचा तंबू एकदा रंगवून दाखवा ना."

"नाही."

"का पण?"

"पटाशी बोथट झाली आहे. तिला धार लाव."

मग तिने दुसरा मार्ग धरला. वृद्धाचे हात कामात असले की त्याची जीभ सैल होई. ती फळी घासता घासता, सहज आठवल्यासारखे, एखादाच प्रश्न टाके.

"बाबा, पाणमांजराचं तोंड कुठल्या बाजूला होतं हो?"

"दाराकडे. त्याला घरात यायचं असतं. तुझ्यासारखं नाही, वाऱ्यात दार सताड उघडं टाकून बाहेर भटकायला."

"आणि शेपटी?"

"शेपटी मागेच होती. पुढे असते का कुणाची?"

ती हसे आणि गप्प बसे. चार-सहा दिवसांनी तो स्वतःच सांगे, की शेपटी तंबूला वळसा घालून पार मागच्या खुंटीपर्यंत जात असे, आणि वरच्या काळ्या पट्ट्यात सात तारे होते. असा एक पूर्ण हिवाळा गेला. बर्फ वितळला तेव्हा ते चित्र तिच्या मनात सगळे जमा झाले होते.

वसंतात शहरातला एक व्यापारी एक फळी करायला सांगून गेला. ती पुरी झाली आणि वृद्ध नवे लाकूड पाहायला नदीवर गेला. त्या दुपारी तिने एकोणिसावा तंबू रंगवला. परत आल्यावर बाबा ते पाहतील आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी येईल, असे तिला वाटत होते.

वृद्ध आला. फळीवर वाकला. सातही तारे बोटाने मोजले.

"अगदी असंच होतं," तो म्हणाला. आणि त्याने पटाशी उचलून तीन फटक्यांत ते चित्र, खालच्या लाकडाच्या पातळ थरासकट, तासून टाकले.

"बाबा!" ती किंचाळली. "काय केलंत हे? तुम्ही उद्या गेलात की कुणाला माहीत असणार ते? माझ्या आजोबांचं मग काय राहणार?"

"बस," वृद्ध म्हणाला. ती बसली नाही. तो उभ्या उभ्याच बोलू लागला.

"आपल्यात तंबूचं चित्र रक्तानं मिळत नाही आणि बघूनही मिळत नाही. ज्याचं आहे तो दुसऱ्याला समोर बसवतो, त्याच्या चेहऱ्याला गेरू लावतो, चित्राची गाणी एकेक करून देतो आणि स्वतःचा हक्क सोडतो. तेव्हा ते दुसऱ्याचं होतं. तुझ्या आजोबांनी ते कुणाला दिलंच नाही. मग मी कुठून देऊ? बाकीची अठरा रंगवायची मुभा ज्यांची ती त्यांनी मला दिली, हे मात्र मी फक्त पाहिलं आहे."

"त्यांना घेणारं कोणीच नव्हतं?"

वृद्धाने पटाशी खाली ठेवली.

"होतं. साथ आली होती. तुझा बाप अंगावर पिणारा. आजी त्याला घेऊन दूर निघून गेली, आजोबांनीच पाठवलं तिला. ते आत एकटे होते. आपण वाचत नाही, हे त्यांना कळलं होतं. त्यांनी मला हाक मारली, आत ये, गाणी घे म्हणून. मी अठरा वर्षांचा होतो. मी भ्यालो, पोरी. आत गेलो नाही. आणि पळूनही जाववेना. दोन दिवस बाहेर उभा राहिलो, तंबूकडे बघत. तारे किती आणि शेपटी कुठवर जाते, हे मला इतकं पाठ कसं, असं तुझ्या मनात कधी आलं नाही?"

आता मात्र ती खाली बसली.

"तू तो तंबू रंगवलास, की बघणारा म्हणेल, वा, एकोणीसच्या एकोणीस आहेत. काही हरवलंच नाही असं होईल. मी बाहेर उभा राहिलो, तेही पुसलं जाईल. कोरा दिसला तर माणूस निदान विचारतो."



शनिवारी व्यापारी आला. त्याने फळी उजेडात धरली आणि त्या तासलेल्या जागेवर बोट ठेवले. "एवढं सुंदर काम आणि इथं हे काय? हे नीट रंगवून द्या, मी थांबतो."

वृद्ध मागे सरला. चित्र तिलाही पाठ होते. तिने कुंचला उचलला असता तर तासाभरात काम झाले असते.

"तिथं रंगवता येणार नाही," ती म्हणाली.

"का?"

तिने सांगायला सुरुवात केली. आजोबांचे नाव सांगितले. पाणमांजर, गाणी, साथ, तंबूत एकटा पडलेला माणूस. त्यांनी हाक मारली इथपर्यंत ती आली आणि थांबली.

"पुढचंही सांग," मागून वृद्ध म्हणाला.

तिने तेही सांगितले. व्यापाऱ्याने ऐकून घेतले, फळी हळूच बाकावर टेकवली, "अशी फळी माझ्याकडे विकली जायची नाही," म्हणाला आणि ती न घेताच निघून गेला. त्या घरात ती गोष्ट प्रथमच परक्या माणसासमोर मोठ्याने बोलली गेली होती. तिने मागे वळून पाहिले. वृद्ध भिंतीला टेकून बसला होता आणि त्याचे दोन्ही हात, कधी नव्हे ते, रिकामे होते. ती त्याच्या शेजारी जाऊन बसली.

हरवलेल्या वस्तूची हुबेहूब नक्कल एखादा कुशल हात करू शकतो. ती कुणामुळे हरवली, हे मात्र तोंडानेच सांगावे लागते.