नाकावर उतरलेलं गोंदण

"मग तो ठिपका आजच काढून टाकू ना, सर?"

फडणीस सर चष्मा पुसत राहिले.

या चष्मा पुसण्याचा डॉ. इरावतीला मनस्वी वैताग होता. साधा प्रश्न, साधं उत्तर. त्यात पुसण्यासारखं काय?

कोंडाक्कांच्या नाकावरचा कॅन्सर काढला तेव्हा अर्धं नाक गेलं. कपाळाची कातडी खाली वळवून इरावतीनंच नवं रचलं. तीन आठवडे ती कातडी भुवईपाशी एका देठाला धरून जगली. आज देठ कापायचा होता. नाक झकास जमलं होतं. फक्त कपाळावरचं हिरवं गोंदण कातडीबरोबर खाली उतरून नाकपुडीवर येऊन बसलं होतं.

"कातडी कापायची रेघ मी ते वगळून आखली होती, सर. ती तुम्ही पुसलीत."

"हो."

"का?"

"अक्कांना विचार."

अक्कांनी अजून आरसा पाहिला नव्हता. 'कपाळाबरोबर आईचं गोंदणबी गेलं' म्हणून त्या रोज उसासत होत्या.

"त्यांना काय विचारू?"

सर खाटेपाशी आले. "अक्का, डोळे मिटा. इरावती, ठिपक्यावर बोट ठेव."

तिनं ठेवलं.

"कुठं लागतंय, अक्का?"

"कपाळाला की! गोंदणाच्या जागी."

इरावती हसली. "देठातली नस शाबूत आहे, सर. मेंदूला अजून जुनाच पत्ता माहीत. देठ कापला की संपेल हे. पुस्तकात आहे."

सर पुन्हा चष्मा पुसू लागले.

अक्का मात्र भलतीकडंच पोचल्या होत्या. "जत्रंत गोंदलं. सात वर्सांची हुते मी. सुई लागली तशी बोंब ठोकली. आईनं असंच बोट दाबून धरलं... वैरणीचा वास यायचा तिच्या हाताला."

इरावती बोट उचलू लागली.

"ऱ्हाऊ दे की गं. लई घाई तुझ्या हाताला!"

दारात सिस्टर आली. "मॅडम, थिएटर तयार आहे. पेशंटला घेऊ?"

इरावतीनं दाराकडे पाहिलं. बोट होतं तिथंच राहिलं.

सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"उशीर होईल म्हणावं, सिस्टर. अक्कांकडे माहेरचं माणूस आलंय."