सप्रेम भेटीचा पडदा

चातुर्यकथेतला बलवान माणूस बहुधा स्वतःच्याच भूषणात अडकतो. मिरजेतल्या विणकर गल्लीत अशी एक कथा आजही अभिमानाने सांगितली जाते.

तिथल्या क्रीडा मंडळाच्या व्हिडिओ गेम स्पर्धेत प्रत्येक संघाने मंडळाच्या टीव्हीला जोडायला आपला कन्सोल, म्हणजे खेळाचे यंत्र, आणायचा, असा प्रघात होता. अध्यक्ष तात्यासाहेब हेर्लेकरांनी नातवाच्या संघासाठी बाजारातला सर्वांत महागडा कन्सोल घेतला होता. गल्लीतल्या मुली अंतिम फेरीला स्वस्तातला घेऊन आल्या, तेव्हा ते म्हणाले, "आमचा कन्सोल तुमच्यापेक्षा चौपट बारीक चित्र काढतो. हे खेळणं परत न्या. अंतिम फेरीत त्याला जागा नाही."

संघनायिका शमा मोमीन म्हणाली, "साहेब, दोन्ही इथल्याच टीव्हीला लावून बघू. फरक दिसला, तर आम्ही घरी जातो."

आळीपाळीने दोन्ही लावले गेले. चित्रात तसूभरही फरक दिसेना.

तात्यासाहेब चिडले. "टीव्हीच जुनाट आहे. एवढं बारीक चित्र त्याला झेपत नाही."

शमाने टीव्हीच्या चौकटीवर रंगवलेली लाल अक्षरे मोठ्याने वाचली, "सप्रेम भेट, तात्यासाहेब हेर्लेकर." मग तिने अदबीने विचारले, "मग गल्लीत काय सांगू, साहेब? आमचा कन्सोल तुमच्या तोडीचा आहे, की तुमची भेट हलकी आहे?"

तात्यासाहेबांनी एकदा टीव्हीकडे, एकदा जमलेल्या लोकांकडे पाहिले.

"तोडीचा आहे," ते म्हणाले. "बसा खेळायला."

अंतिम सामना कोणी जिंकला, हे गल्लीतले कथेकरी सांगत नाहीत. त्यांच्या लेखी निकाल त्याआधीच लागलेला असतो.