खाडीच्या गावाचा कठडा

आभाळ त्या दिवशी स्वच्छ होते. पाऊस नव्हता, वारा नव्हता, तरी खाडी चढत होती. अमावास्येचे उधाण हल्ली असेच येते. पूर्वी जिथे थांबायचे तिथे थांबत नाही.

त्या खाडीकाठी बेने इस्राएलांची, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंची, थोडीच घरे उरली होती. बाकीचे कधीच परदेशी गेले. उरलेल्यांची प्रार्थना शालोमबाबा नावाचा एक वृद्ध चालवीत असे. शनिवार हा त्यांचा पवित्र विश्रांतीचा दिवस. त्या दिवशी बाबा चूलसुद्धा पेटवीत नसत. सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, आणि त्या शनिवारी कसेबसे दहाच जमले होते.

राज्यकर्त्यांसाठीची प्रार्थना आली. "त्यांना सुबुद्धी दे," असे बाबा म्हणत होते, तोच शेजारचा गोमा म्हात्रे दारात येऊन ओरडला, "बाबा, खाडीचा बांध फुटाय लागला! आय घरातच हाय!"

बाबांनी प्रार्थना अर्ध्यावर सोडली, खांद्यावरची शाल उतरवली आणि ते चालू लागले. शिष्य बिन्यामीन मागे धावला. "बाबा, तुम्ही निघालात तर प्रार्थना मोडते! आणि आज शनिवारी काम करणार?"

"आधी खाट उचल," बाबा म्हणाले.

गोमाची आई अंथरुणाला खिळलेली. तिला खाटेसकट उंचावर आणले. "अरे हलू! मी काय भाताचा पोता हाय?" म्हातारी त्यातही खेकसली. मग सगळे बांधावर माती टाकू लागले.

बाबा दम खात म्हणाले, "जीव वाचवायचा असेल तर शनिवार बाजूला ठेवावा, ही देवाचीच आज्ञा आहे, बाळा. त्यानेच असेही सांगितले, घर बांधशील तर गच्चीला कठडा बांध. नाहीतर पडणाऱ्याचे रक्त तुझ्या घरावर. एका घराचा कठडा घरमालक बांधतो. पण हवा तापते, समुद्र चढतो, त्याला कठडा एकट्यादुकट्याने कसा बांधावा? ते राज्यकर्त्याचे काम. त्याच्यासाठी आपण दर शनिवारी मागतो, ते त्याची गादी टिकावी एवढ्यासाठी नव्हे."

"पण सरकारी साहेब दरवर्षी येतात, टेप लावून बांध मोजतात, चहा पिऊन जातात. मग आपल्या घमेल्यांनी समुद्र अडेल?"

"नाही अडणार."

बाबांनी घमेले पुन्हा डोक्यावर घेतले. "त्याने कठडा बांधला नाही म्हणून मला बसून राहता येत नाही. आणि मी माती वाहिली म्हणून त्याच्या घरावरचे रक्त पुसले जात नाही. हे दोन्ही ध्यानात ठेव."

दुपारी बांध गेला. खारे पाणी शेतात शिरले, विहिरीत शिरले, गोमाच्या घराच्या कौलांपर्यंत चढले. बिन्यामीन चिखलात उभा होता.

संध्याकाळी गोमा बाबांच्या शेजारी पायरीवर येऊन बसला. मग म्हणाला, "साहेबांचा फोन आला व्हता. नुकसानीचं फोटू काढून ठेवा, बोलले. बाबा, पाण्याखालचा घर फोटूत दिसतो का हो?"